विजेची सिगारेट आणि विमानतळावरचे दोन पहारे

एप्रिल उजाडला कीं गोंदिया जिल्ह्यांतील रानांत तेंदूपानांचा हंगाम सुरू होतो. भल्या पहांटे बायामाणसें जंगलांत शिरतात, पानें खुडून आणतात, अंगणांत बसून त्यांचे पुडे बांधतात आणि ते मोजून देऊन मजुरी घेतात. हींच पानें पुढें बिडीचें अंग होतात. तिच्या पोटांत जाणारी तंबाखू मात्र गुजराथेंतील चरोतराची किंवा निपाणीकडची असते. या जिल्ह्याला धूम्रपान ही परकी वस्तु नव्हे. कित्येक घरांतली चूल बिडीच्या मजुरीवर पेटलेली आहे.

त्याच जिल्ह्यांत बिरसी येथें दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत, १९४० सालीं, इंग्रजांनीं एक धावपट्टी बांधली. पुष्कळ वर्षांनीं तिचें नशीब पालटलें. बिडीच्या धंद्यांत नांवाजलेले गोंदियाचे मनोहरभाई पटेल यांचे चिरंजीव प्रफुल्ल पटेल हे २००४ ते २०११ या काळांत केंद्रांत नागरी विमानवाहतूक खात्याचे मंत्री होते. त्याच काळांत बिरसीला वैमानिकांचें शिक्षण देणारी संस्था आली. बिडी आणि विमान यांची गांठ अशी एकाच घरांत पडावी हा योगायोग मौजेचा खरा. मार्च २०२२ मध्यें इंदूर–गोंदिया–हैदराबाद अशी प्रवासी विमानसेवा सुरू झाली. ती फार दिवस टिकली नाहीं. पुढें डिसेंबर २०२३ मध्यें हैदराबाद–गोंदिया–तिरुपति अशी दुसरी सेवा सुरू झाली. परदेश त्यामुळें गोंदियाच्या वेशीवर आला असें नव्हे, पण हैदराबाद, नागपूर किंवा मुंबई गांठून पुढें जाणारे विद्यार्थी आणि नोकरदार यांची ये-जा आतां नवलाची राहिलेली नाहीं.

समजा, असाच एक तरुण लंडनहून सुट्टीवर घरीं निघाला आहे. त्याचे काका चाळीस वर्षें बिडी ओढतात आणि रात्रभर खोकतात. लंडनच्या दुकानांत त्याला विजेची सिगारेट दिसते. तिला लोक ई-सिगारेट किंवा व्हेप म्हणतात. तिकडे ती उघड विकली जाते, आणि बिडी-सिगारेट सोडूं पाहणाऱ्याला तिचा आधार घेण्यास तेथील डॉक्टरहि सुचवितात. काकांची बिडी सुटेल या आशेनें तो ती विकत घेतो व पेटींत ठेवतो. त्याचा हेतु चांगला आहे. पण वाटेंत त्याला दोन पहारे ओलांडावयाचे आहेत, आणि ते दोन निरनिराळे आहेत याची त्याला कल्पना नाहीं.

पहिला पहारा सुरक्षा तपासणीचा. तेथें उभ्या असलेल्या माणसाला काकांच्या खोकल्याशीं कर्तव्य नाहीं. तो एकच गोष्ट पाहतो: या वस्तूमुळें विमानाला धोका आहे कीं काय? तो कां विचारतो हें समजण्यासाठीं वस्तूची घडण पाहिली पाहिजे. सध्यांच्या प्रकारची विजेची सिगारेट चीनमधील होन लिक नांवाच्या औषधशास्त्रज्ञानें २००३ च्या सुमारास तयार केली. तिच्यांत पान नाहीं, निखारा नाहीं, राख नाहीं. एका टोंकाला लहानशी बॅटरी, मध्यें तारेचें वेटोळें आणि त्याला लागून ग्लिसरीनसारख्या द्रवांत मिसळलेलें निकोटिन, एवढाच संसार. दम ओढला किंवा कळ दाबली कीं तार तापते, द्रवाची वाफ होते आणि ती छातींत जाते. विस्तव नाहीं म्हणून ही वस्तु निरुपद्रवी आहे असें प्रवाशाला वाटतें. परंतु विमानाच्या दृष्टीनें धोका धुरांत नसून बॅटरींत आहे.

ही बॅटरी लिथियमची असते. थोड्या जागेंत पुष्कळ शक्ति सांठविणें हा तिचा गुण आणि तोच तिचा अवगुण. आंतील दोन थरांना एका पातळ पडद्यानें वेगळें ठेवलेलें असतें. बॅटरी चेपली गेली, फार तापली किंवा तिचीं दोन्ही टोंकें किल्ल्या-नाण्यांनीं जोडलीं गेलीं तर तो पडदा निकामी होतो. मग आंतल्या आंत उष्णता निर्माण होते, त्या उष्णतेनें रासायनिक क्रिया अधिक वेगानें चालते आणि तिच्यामुळें आणखी उष्णता निर्माण होते. हें चक्र एकदां फिरूं लागलें म्हणजे बाहेरची ज्वाळा विझवून तें थांबत नाहीं. शिवाय या यंत्राला तार तापविणारी कळ आहे. पेटींत कपड्यांखालीं ती कळ दाबली गेली तर कपडेच तापूं लागतात.

ही केवळ कल्पना नव्हे. ऑगस्ट २०१४ मध्यें अमेरिकेंतील बोस्टनच्या विमानतळावर एका विमानाच्या मालखोलींत पेटीला आग लागली आणि विमान रिकामें करावें लागलें; त्या पेटींत ई-सिगारेट होती. जानेवारी २०१५ मध्यें लॉस एंजेलिसच्या विमानतळावर मागें राहिलेली एक पेटी अशाच कारणानें पेटली. ती पेटी तिच्या ठरलेल्या विमानांत चढली असती तर काय झालें असतें, याचा विचार करून आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेनें त्याच वर्षीं नियम केला कीं, ही वस्तु मालखोलींत जाणाऱ्या सामानांत ठेवूं नये. प्रवाशानें ती स्वतःजवळ किंवा हातांतील पिशवींत बाळगावी, आणि विमानांत ती चार्ज करूं नये.

हा नियम प्रथम ऐकणाऱ्याला विचित्र वाटतो. धोक्याची वस्तु माणसांपासून दूर ठेवावयाची कीं माणसांच्या मांडीवर? उत्तर असें कीं, मालखोलींत माणूस नसतो. तेथें आग विझविणारा हॅलॉन वायु सोडण्याची सोय असते. तो ज्वाळा दाबतो, पण तापलेल्या बॅटरीला थंड करीत नाहीं. उलट प्रवाशांच्या कक्षांत धूर निघाला तर कोणी तरी ओरडतो, कर्मचारी धांवून येतात, आणि ज्वाळा विझवून बॅटरीवर पाणी ओततां येतें. धोका डोळ्यांसमोर ठेवण्यांतच सुरक्षितता आहे, असें हें तर्कशास्त्र आहे, आणि तें बरोबर आहे.

बॅटरीच्या शक्तीलाहि मर्यादा आहे. साधारणतः शंभर वॉट-तास. व्होल्टचा आंकडा आणि अँपिअर-तासांचा आंकडा यांचा गुणाकार केला म्हणजे हा हिशेब मिळतो. ३.७ व्होल्ट आणि ३ अँपिअर-तास अशा बॅटरीची शक्ति सुमारें ११ वॉट-तास भरते. म्हणजे मापाची अडचण क्वचितच येते. अडचण येते ती जागेची आणि निष्काळजीपणाची. सुट्या बॅटरीचीं टोंकें झांकलेलीं असावीं लागतात आणि यंत्राची कळ बंद असावी लागते. द्रवाच्या बाटलीला इतर द्रव पदार्थांचाच नियम लागतो: पुष्कळ विमानतळांवर हातसामानांत १०० मिलिलिटरपेक्षां मोठी बाटली चालत नाहीं. हा नियम २००६ च्या ऑगस्टमध्यें लंडनला द्रव स्फोटकांचा कट उघडकीस आला त्यानंतरचा आहे. शिवाय उंचीवर हवेचा दाब कमी झाला कीं भरलेली नळी गळते, आणि खिशांतील सदरा चिकट होतो. हा गुन्हा नव्हे, फजिती मात्र आहे.

विमानांत ती ओढण्याचा प्रश्न तर नाहींच. ११ जुलै १९७३ रोजीं रिओहून पॅरिसला येणाऱ्या व्हारिग कंपनीच्या विमानाच्या संडासांत आग लागून १२३ माणसें मेलीं. कचऱ्याच्या डब्यांत टाकलेल्या सिगारेटीचा संशय आला. तेव्हांपासून विमानाच्या संडासाकडे कडक नजरेनें पाहिलें जातें. धूर ओळखणारें यंत्र वाफेनेंहि वाजूं शकतें, आणि ‘ही वाफ आहे, धूर नव्हे’ हा युक्तिवाद तेथें कोणी ऐकून घेत नाहीं.

आतां तरुणानें हें सर्व पाळलें असें धरूं. यंत्र हातसामानांत आहे, कळ बंद आहे, बाटली लहान आहे. लंडनच्या तपासणींतून तो सुखरूप बाहेर पडतो. येथेंच पुष्कळांची फसगत होते. ‘विमानांत नेऊं दिली, त्या अर्थीं ती कायदेशीर आहे,’ असा ते निष्कर्ष काढतात. पहिल्या पहारेकऱ्यानें फक्त आगीचा विचार केलेला असतो. उतरण्याच्या देशांतील कायद्याचा विचार दुसरा पहारेकरी करतो, आणि तो हैदराबादला जकातीच्या टेबलापाशीं उभा आहे.

भारत सरकारनें १८ सप्टेंबर २०१९ रोजीं वटहुकूम काढून आणि त्याच वर्षाच्या अखेरीस संसदेकडून कायदा करून घेऊन ई-सिगारेटचें उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, सांठा आणि जाहिरात हें सर्व बंद केलें. द्रवांत निकोटिन असो वा नसो, कायद्याला तें सारखेंच. पहिल्या अपराधाला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा तोच अपराध घडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पांच लाखांपर्यंत दंड. नुसत्या सांठ्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. काकांसाठीं आणलेली एक भेट आणि व्यापाऱ्यानें आणलेल्या हजार नळ्या यांत दंडाच्या रकमेचा फरक पडेल. पण आयात ती आयातच. वस्तु जप्त होते हें तर ठरलेलेंच.

येथें गोंदियाच्या माणसाच्या मनांत एक प्रश्न आल्याखेरीज राहत नाहीं. तेंदूच्या पानाची बिडी पानठेल्यावर राजरोस मिळते, आणि तिच्यापासून सुटका करूं पाहणारें यंत्र गुन्ह्यांत कसें मोडतें? प्रश्न गैरवाजवी नाहीं. सरकारचें म्हणणें असें कीं, फळांच्या व मिठाईच्या चवींनीं हें यंत्र शाळकरी मुलांना निकोटिनची संवय लावील, आणि जें व्यसन अद्याप पसरलें नाहीं तें आरंभींच रोखणें सोपें. विरुद्ध पक्ष म्हणतो कीं, इंग्लंडनें हेंच साधन वापरून सिगारेटी सोडविल्या. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. बिडीच्या धंद्यावर लाखों हातांचें पोट आहे, हें तिच्यावर बंदी न येण्याचें एक कारण असावें असें मानण्यास हरकत नाहीं. बिडी कमी घातक आहे असा त्याचा अर्थ मात्र होत नाहीं. हा वाद संसदेंत, वर्तमानपत्रांत अवश्य व्हावा. जकातीच्या टेबलावर तो घालण्यांत अर्थ नाहीं, कारण तेथील अधिकाऱ्याला कायदा बदलण्याचा अधिकार नाहीं.

निघतांनाहि हीच सावधगिरी हवी. सिंगापुरांत १ फेब्रुवारी २०१८ पासून ही वस्तु जवळ बाळगणें हाच गुन्हा आहे, आणि सप्टेंबर २०२५ पासून शिक्षा आणखी कडक झाल्या आहेत. थायलंडमध्यें २०१४ पासून आयातीला बंदी आहे, आणि तेथें सहलीला जाणाऱ्या पुष्कळांना ती ठाऊक नसते. विदर्भांतल्या माणसानें आणखी एक लक्षांत ठेवावें: सिंगापुरांत चघळण्याच्या तंबाखूलाहि मनाई आहे, तेव्हां खर्र्याची पुडी खिशांत विसरून तेथें उतरणें बरें नव्हे.

राहिले काका. बिडी सोडण्याची त्यांची इच्छा असेल तर निकोटिनचा चघळण्याचा गोंद आणि कातडीला चिकटविण्याच्या पट्ट्या भारतांत कायद्यानें मिळतात. किती दिवस आणि कोणत्या प्रमाणांत घ्याव्या हें डॉक्टरच सांगूं शकतात. पुतण्यानें लंडनचें यंत्र लंडनलाच ठेवलें तर हैदराबादला त्याचें सामान सरळ बाहेर येतें. पुढें बिरसीचें विमान गांठावयाचें असेल तर त्याला पुन्हा एकदां सुरक्षा तपासणींतून जावें लागतें, आणि काकांच्या बिडीसाठीं वाटेंत कोणाकडून घेतलेली साधी काड्यापेटी असली तर ती तेथें काढून ठेवावी लागते. ती भारतीय विमानतळावर हातसामानांतहि चालत नाहीं आणि पेटींतहि चालत नाहीं.