रविवर्म्याची लक्ष्मी, जपानची टाइल

जुन्या घराच्या दारावर किंवा देवघराच्या भिंतीत उठावाच्या नक्षीची, चकचकीत रंगांची टाइल दिसली तर जरा थांबा. मंडळी, तिचं मूळ इटलीत आहे! पंधराव्या-सोळाव्या शतकात फाएन्झासारख्या गावांतले कुंभार कथील घातलेल्या पांढऱ्या झिलईवर चित्रं रंगवत. हे तंत्र इस्लामी जगातून स्पेनमार्गे तिथं पोचलं होतं. त्यापासून स्फूर्ती घेऊन इंग्लंडच्या मिंटन कंपनीनं १८५१ च्या लंडन प्रदर्शनात ‘मॅजोलिका’ मांडली. पद्धत मात्र वेगळी: साच्यातला उठाव आणि त्यावर शिशाची रंगीत झिलई. उंचवट्यावर झिलई पातळ, खोलगट भागात दाट. त्यामुळे एकाच रंगाच्या छटा आपोआप उमटतात. मला यातलं हेच सर्वांत आवडतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपाननं ही कला उचलली आणि टाइल भारतात धाडल्या. आपल्याकडच्या गिऱ्हाइकांसाठी खास देवदेवतांच्या, त्याही राजा रविवर्म्याच्या छापील चित्रांवरून! रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे आपल्याच पुणे जिल्ह्यात, लोणावळ्याजवळ मळवलीला आला.

वाडा पाडताना अशी टाइल निघाली तर राडारोड्यात जाऊ देऊ नका. उलटून पाहा, मागे बऱ्याचदा ‘मेड इन जपान’ असा ठसा सापडतो.