स्पीकर सहा, चॅनल दोन

“सगळीकडून आवाज येतोय की! मग अडलंय कुठे?” घरमालक विचारतात. दादा उत्तर देत नाहीत. उठून सोफ्यामागे जातात आणि मागच्या डाव्या स्पीकरला कान लावतात. पडद्यावर नायक समोर उभा राहून बोलतोय आणि त्याचं तेच बोलणं मागच्या कोपऱ्यातूनही खणखणीत ऐकू येतंय. ते यायला नको. मागच्या स्पीकरनं पाऊस, गर्दी, दुरून गेलेली गाडी एवढंच सांभाळायचं असतं. नायक तिथेही बोलतोय, म्हणजे सिनेमात सहा वाटांनी भरलेला आवाज मध्येच कुठेतरी दोन वाटांत कोंबला गेला आणि रिसीव्हरनं तो दोनांचा आवाज सगळ्यांना सारखा वाटून टाकला. रिसीव्हरच्या तोंडावरच्या पट्टीवर त्याची खूणही आहे: ‘पीसीएम’, म्हणजे न दाबलेला, कच्चा आवाज. पण ती पट्टी घरात कुणी वाचत नाही.

पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आजूबाजूला, इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानाची दुकानं दाटीनं आहेत. दादा त्यांतल्याच एका दुकानात बसतात आणि रविवारी घरोघरी जाऊन होम थिएटर लावून देतात. काही रविवार मी त्यांच्याबरोबर हिंडलो. टीव्हीखाली साउंडबार ठेवण्याला ते काम म्हणतच नाहीत. घरात कॉम्प्युटर असला तर मात्र फोनवरच सांगून टाकतात, “अर्धा दिवस धरा.” डीव्हीडी प्लेअरला एकच काम येत असे आणि ते तो निमूटपणे करी. कॉम्प्युटरमध्ये सिनेमाची फाइल वेगळी, ती वाजवणारा प्लेअर वेगळा, त्याखाली विंडोज, त्याखाली ड्रायव्हर, मग केबल. यांतल्या प्रत्येकाला सहाचे दोन करण्याचा अधिकार आहे आणि केल्यावर कळवायची सक्ती कुणालाच नाही. ब्राउझरमधून सिनेमा लावला तर बहुतेक वेळा सुरुवातच दोनापासून होते.

कोथरूडच्या या घरात मालक बँकेतून निवृत्त झालेले, जुन्या सिनेमांनी हार्ड डिस्क भरलेली. नात सुट्टीला आली की त्याच कॉम्प्युटरवर गेम खेळते. रिसीव्हर चांगल्या जातीचा, पण काही वर्षं जुना. भाच्यानं येऊन जोडणी करून दिली होती: कॉम्प्युटरची एचडीएमआय केबल टीव्हीला आणि टीव्हीतून ऑप्टिकल केबल रिसीव्हरला. चित्र आलं, आवाज आला, भाचा जेवून गेला.

दादांनी आधी सगळं सोडवलं. “उघडल्याशिवाय दुसऱ्याचं डोकं कळत नाही,” म्हणाले.

स्पीकरच्या वायरींपासून सुरुवात. सोळा गेजची दुपदरी वायर, टोकाला सेंटिमीटरभर सोललेली. तांब्याच्या बारीक तारा ते दोन बोटांत घट्ट पिळतात आणि मागच्या स्क्रूच्या भोकात घातल्यावर टॉर्च मारून बघतात. एखादी केसभर तार बाहेर राहून शेजारच्या स्क्रूला टेकली, तर रिसीव्हर स्वतःला वाचवायला बंद पडतो आणि माणूस फ्यूज शोधत बसतो. त्याहून छुपी गोष्ट म्हणजे प्लस-मायनस. एका स्पीकरची टोकं उलटी लागली तरी आवाज कमी होत नाही. फक्त बेस विरघळतो आणि माणसं रिकाम्या खोलीत बोलल्यासारखी वाटतात. भिंतीतून गेलेल्या वायरीवर खूण नसेल तर दादा एक पेन्सिल सेल काढतात, रिसीव्हरकडची दोन टोकं सुटी करून त्यांना क्षणभर टेकवतात आणि मला स्पीकरची जाळी काढून आत बघायला लावतात. पडदा पुढे सरकला तर सेलच्या प्लसकडचं टोक ते प्लस. दीड व्होल्टचा सेल आणि शेजारी उभा एक माणूस, एवढीच सामग्री.

जागांवरून घासाघीस झालीच.

“दादा, मागचे दोन भिंतीला नकोत हं, आत्ताच रंग दिलाय,” घरच्या काकू म्हणाल्या.

“मग शोकेसवर ठेवू या का, काकू? पण शोकेस आहे समोर. मागची गाडी समोरूनच जाईल.”

पुस्तकातला नियम असा: समोरचे डावा-उजवा बसणाऱ्याच्या नाकापासून तीस-तीस अंशांवर, बाजूचे दोन शंभर ते एकशेवीस अंशांवर, म्हणजे कानाच्या किंचित मागे. दादा कोनमापक आणत नाहीत. समोरच्या दोन स्पीकरमधलं अंतर आणि प्रत्येकापासून सोफ्यापर्यंतचं अंतर टेपनं सारखं केलं की तीस अंश आपोआप साधतात. मागचं मात्र पुण्यातल्या हॉलमध्ये कधीच साधत नाही, कारण सोफा भिंतीला चिकटलेला असतो. इथे तो वीतभर पुढे ओढण्यावर तह झाला आणि स्पीकर स्टँडवर गेले. रंग वाचला.

आता मुख्य जोड. कॉम्प्युटरपासून रिसीव्हरपर्यंत आवाज नेण्याचे रस्ते तीन. सगळ्यात जुना म्हणजे मदरबोर्डमागची रंगीत भोकं. भोकांना रंग देण्याची ही पद्धत मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल यांनी १९९०च्या दशकाच्या शेवटी रूढ केली: हिरवं समोरच्यांचं, काळं मागच्यांचं, नारिंगी मधल्याचं आणि सबवूफरचं. रिसीव्हरला सहा भोकांचं अॅनालॉग इनपुट असेल तर हा रस्ता चालतो, हल्ली मात्र ते इनपुट दुर्मीळ. नारिंगीची गंमत अशी की त्या एका पिनेत मधला आणि सबवूफर असे दोघं राहतात आणि कोण कुठल्या बाजूला यावर सगळ्या कंपन्यांचं एकमत नाही. अदलाबदल झाली की सगळे संवाद सबवूफरमधून घोगऱ्या पुटपुटीसारखे येतात आणि मधल्या स्पीकरला येतो तो अधूनमधून होणाऱ्या स्फोटांचा वाटा. एका गिऱ्हाइकानं याच कारणासाठी मधला स्पीकर बदलून नवा आणला होता, असं दादा सांगतात. सेटिंगमध्ये एक टिक काढायची होती.

दुसरा रस्ता ऑप्टिकलचा. तोशिबानं १९८३मध्ये आणलेली ही केबल, टोकाशी लाल उजेड दिसणारी. नवी केबल आवाज देत नसेल तर दादा आधी टोकावरचं प्लॅस्टिकचं इवलंसं टोपण काढलंय का ते बघतात. बऱ्याचदा नसतं. तिचा मोठा गुण हा की तिच्यातून वीज वाहत नाही. तिची मर्यादा मात्र गणितातली आहे. दोन चॅनलचा कच्चा आवाज सेकंदाला दीडेक हजार किलोबिटांत बसतो आणि तेवढंच नेण्यासाठी ही सोय आखलेली. सहा चॅनलच्या कच्च्या आवाजाला साडेचार हजारांच्या वर लागतात, म्हणजे तो मावत नाही. पण डीव्हीडीवरचा डॉल्बी डिजिटल दाबून दाबून ४४८ किलोबिटांपर्यंत आणलेला असतो, तो आरामात जातो. म्हणून ऑप्टिकलवर सिनेमा सहा चॅनलमध्ये ऐकू येतो आणि त्याच केबलवर गेम दोन चॅनलचा होतो. सिनेमाचा आवाज आधीच बांधून ठेवलेला असतो, गेमचा त्या क्षणी तयार होतो, आणि तो उभ्या उभ्या बांधून देणारी चिप प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये नसते. एनव्हिडियाच्या एनफोर्स चिपसेटमध्ये २००१मध्ये ती होती. हौशी लोक अजून तिची आठवण काढतात.

तिसरा रस्ता एचडीएमआय. कच्च्या आवाजाचे आठ चॅनल नेण्याची ताकद तिच्यात पहिल्यापासून, २००२पासून, आहे. मग भाच्याच्या जोडणीत बिनसलं कुठे? केबल जोडताच पलीकडचं यंत्र कॉम्प्युटरला एक यादी पाठवतं: मला अमुक आकाराचं चित्र चालतं, तमुक प्रकारचा आवाज समजतो. केबलच्या टोकाला टीव्ही होता. त्याला स्वतःचे दोनच स्पीकर, त्यानं यादीत दोनच लिहिले. कॉम्प्युटरनं विश्वास ठेवला. टीव्हीच्या पाठीमागे सहा स्पीकरांचा संसार मांडलाय, हे त्याला सांगणारं कुणी नव्हतं.

उपाय सरळ: केबल आधी रिसीव्हरला, तिथून टीव्हीला. पण रिसीव्हर जुना आणि टीव्ही फोर-के. त्यातून चित्र नेलं तर सेकंदाला तीसच चौकटी मिळत होत्या आणि माउस फरपटत चालला. नातीनं अर्ध्या मिनिटात नापसंती नोंदवली. तेव्हा दादांनी दोन केबली टाकल्या, एक चित्राची टीव्हीला, दुसरी आवाजाची रिसीव्हरला.

“आजोबा, माउस गेला!”

जाणारच. एचडीएमआयमध्ये आवाजाला स्वतःचा रस्ता नाही. पडद्यावरच्या दोन ओळींच्या आणि दोन चौकटींच्या मधल्या रिकाम्या वेळात तो बसवलेला असतो, पॅसेंजर गाडीला पार्सलचा डबा जोडावा तसा. गाडी निघाल्याशिवाय डबा हलत नाही. म्हणून रिसीव्हरला नुसता आवाज हवा असला, तरी कॉम्प्युटरला त्याच्याकडे चित्र पाठवावंच लागतं. विंडोजच्या लेखी तिथे एक दुसरा मॉनिटर उभा आहे, कुणालाच न दिसणारा, आणि माउस त्या अंगणात खेळायला गेला. दोन्हीकडे एकच चित्र दाखवायला सांगितलं तर टीव्हीलाही रिसीव्हरच्या कुवतीवर यावं लागतं. दादांनी डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये तो न दिसणारा चौकोन ओढून टीव्हीच्या चौकोनाच्या तिरप्या कोपऱ्याला नेला, फक्त टोकाला टोक लागेल असा. आता माउस नेमका त्या टोकातून गेला तरच हरवेल. असल्या युक्त्या कुठल्या माहितीपुस्तकात छापलेल्या नसतात, आणि मला तर हे काम खरं इथेच सुरू होतं असं वाटतं.

मग विंडोजचं जुनं साउंड कंट्रोल पॅनल. रिसीव्हरचं नाव निवडलं, ‘कॉन्फिगर’, ‘५.१’. पडद्यावर खोलीचं छोटं चित्र येतं आणि एकेक स्पीकर किणकिणतो. सगळे म्हणतात, वाजलं. दादा डोळे मिटून बोट दाखवतात, कुठून वाजलं ते. समोर डावा, समोर उजवा, मधला. सबवूफरच्या वेळी जमिनीतून नुसता हुंकार. त्या ‘पॉइंट वन’ला १२० हर्ट्झच्या खालचाच ऐवज मिळतो. पण मागच्या डाव्याच्या वेळी स्टँडवरचे दोघंही गप्प! बाजूचे आणि मागचे हे विंडोजसाठी दोन वेगळे मानकरी आहेत आणि त्यानं मागच्यांना हाक मारली होती. रिसीव्हरकडे होते ते बाजूचे. यादीतला दुसरा ५.१ निवडला आणि स्टँडवरचे दोघं बोलू लागले. प्लेअरमध्ये ‘पासथ्रू’, म्हणजे बांधलेला आवाज न उघडता तसाच पुढे पाठवणं, चालू केलं तेव्हा रिसीव्हरच्या पोटात रिलेचा खट् असा आवाज झाला आणि पट्टीवर ‘पीसीएम’च्या जागी ‘डॉल्बी डी’ उमटलं. हे डॉल्बी डिजिटल १९९२मध्ये ‘बॅटमॅन रिटर्न्स’बरोबर थिएटरात आलं होतं.

त्यानंतर माइक. रिसीव्हरबरोबर मिळालेला छोटा माइक कॅमेऱ्याच्या तिवईवर, बसणाऱ्याच्या कानाच्या उंचीवर. “आता कुणी बोलू नका.” पंखा बंद, फोन बंद. रिसीव्हर एकेका स्पीकरमधून शीळ घातल्यासारखा आवाज सोडतो आणि तो परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. समोरचा स्पीकर तीन मीटरवर आणि मागचा सव्वा मीटरवर असेल, तर मागचा पाच मिलिसेकंद आधी पोचतो. तेवढा त्याला थोपवून धरायचा. चौथ्या स्पीकरला स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. पुन्हा पहिल्यापासून. शेवटी यंत्रानं सबवूफर पाच मीटरवर असल्याचं जाहीर केलं. खोलीच तेवढी लांब नाही. मालक दुरुस्त करायला सरसावले, दादांनी हात धरला. सबवूफरच्या आतलं सर्किट आवाज जरा उशिरा सोडतं आणि यंत्र तो उशीर अंतरात मोजतं. आकडा चुकीचा दिसतो, हिशेब बरोबर असतो.

मालकांनी हौसेनं जुनं मराठी भावगीत लावलं आणि सहाही स्पीकर चालू करायला सांगितलं. दादांनी समोरचे दोन सोडून सगळे गप्प केले. एका माइकपुढे गायलेल्या गाण्याला मागून वाजवून त्याचं भलं होत नाही, असं त्यांचं मत, आणि ते मला पटतं.

“आणि माझी मालिका?” काकूंनी विचारलं.

सेट-टॉप बॉक्स लावायचा राहिलाच होता. त्याची केबल रिसीव्हरच्या दुसऱ्या भोकात गेली आणि सबवूफरमधून संथ घूं सुरू झालं. पन्नास हर्ट्झ, आपल्या विजेचा स्वतःचा सूर. गच्चीवरून आलेल्या केबलची अर्थिंग वेगळी, घराची वेगळी, आणि दोन्हींमधला फरक सबवूफरच्या वायरीतून वाहत होता. दादांनी बॉक्समागची केबल उपसली, घूं बंद. लावली, सुरू. प्लगची अर्थची पिन कापून टाकणारे कारागीर त्यांना माहीत आहेत. “घूं जातं, आणि एखाद्या दिवशी माणूसही जातो,” ते म्हणाले आणि पिशवीतून अंगठ्याएवढा आयसोलेटर काढून केबलच्या टोकाला चढवला. तो केबलला चालतो. डिश असती तर तिच्या वायरीतून वर वीजही जाते, तिथे चालला नसता.

मालिका लागली. पट्टीवर ‘पीसीएम’.

“हे पुन्हा दोनच आले की!” मालक म्हणाले.

“तिकडून दोनच येतायत, साहेब,” दादा वायरींचे तुकडे गोळा करत म्हणाले. “त्याला मी काही करणार नाही.”