झाकणाची बैठक

मे महिन्यात एका रात्री साडेअकराच्या सुमारास आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक टेम्पो थांबला. चार कामगार, एक मुकादम, एक गवंडी, दोन पहारी, घमेली, सिमेंटच्या गोण्या आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे अडथळे. रस्त्याच्या मधोमध असलेल्या चेंबरच्या झाकणावरून गाडी गेली की 'खडाड्-धप्प' असा आवाज व्हायचा, त्यासाठी ही मंडळी आली होती. मी खाली उतरून बघत उभा राहिलो.

मुकादमाने आधी पहार मागितली नाही. तो झाकणाच्या एका कडेवर डावा पाय आणि समोरच्या कडेवर उजवा पाय ठेवून उभा राहिला आणि अंगाचा भार एकदा इकडे, एकदा तिकडे टाकला. झाकण किंचित डुललं. बोटभरसुद्धा नाही. पण त्याचं निदान तिथेच झालं. झाकणाला काही झालेलं नाही, त्याची बैठक गेली आहे, असं तो म्हणाला.

बैठक म्हणजे झाकण जिच्यावर टेकतं ती चौकटीची आतली कड, आणि ती चौकट जिच्यावर बसवलेली असते तो विटांचा आणि सिमेंटच्या मालाचा थर. रस्त्यावरून चालणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. दिसतं ते फक्त झाकण. शहराच्या सुरक्षिततेचा केवढा मोठा भाग या न दिसणाऱ्या दोन इंचांवर उभा आहे, ते मला त्या रात्री उमगलं.

झाकणावर भार किती येतो ते पाहू. मालट्रकच्या मागच्या एका आसाला, चार चाकं असतील तर, आपल्याकडे २०१८ पासून साडेअकरा टनांपर्यंत भार नेण्याची परवानगी आहे. म्हणजे एका बाजूच्या जोडचाकाखाली जवळपास पावणेसहा टन. हे सगळं ओझं क्षणभर दोन फुटांच्या झाकणावर येतं आणि जातं. म्हणूनच भारतीय मानकांमध्ये झाकणांच्या प्रती ठरलेल्या आहेत. बागेतल्या पायवाटेवरचं झाकण अडीच टनांचं, हलक्या वाहतुकीचं दहा टनांचं, मोठ्या रस्त्यावरचं वीस टनांचं आणि जिथे अवजड वाहनांची सतत ये-जा असते तिथलं पस्तीस टनांचं. पावणेसहा टनांसाठी वीस-पस्तीस टनांची ताकद कशाला? कारण रस्त्यावरचा भार ठेवलेला नसतो, आपटलेला असतो. झाकण चौकटीत घट्ट बसलेलं असेल तर चाकाचं ओझं कडेवर सगळीकडे वाटलं जातं. कडेत एक खडा अडकला किंवा चौकट एका अंगाने खचली, की झाकण दोन-तीन बिंदूंवर टेकतं. मग प्रत्येक चाक त्याला उचलून आपटतं. आपण रात्री अंथरुणात ऐकतो तो आवाज या आपटण्याचा असतो. दर आपटीला खालचा सिमेंटचा थर थोडा भुगा होतो, बैठक आणखी सैल होते, पुढची आपटी आणखी जोरात बसते. या दुष्टचक्राच्या शेवटी एक दिवस झाकण तडकतं किंवा चौकटीतून निसटतं.

गवंड्याने जुना माल फोडून काढला, ब्रशने कड साफ केली, लाइनदोरी ताणून रस्त्याचा उतार पाहिला आणि चौकट नव्या मालात बसवली. खरा प्रश्न पुढे होता. साधं सिमेंट आपली पूर्ण म्हणावी अशी ताकद अठ्ठावीस दिवसांत गाठतं. पहिल्या दिवशी ती जेमतेम सहाव्या हिश्शाइतकी असते, आठवड्याने साधारण दोन तृतीयांश. रस्ता मात्र पहाटे पाचला सोडायचा असतो. म्हणून अशा कामाला लवकर घट्ट होणारा माल वापरतात, किंवा वर लोखंडी पत्रा टाकून भार बाजूला नेतात. दोन्ही न करता पहाटे वाहतूक सोडली, तर रात्रीची मेहनत आठवड्यात मातीमोल होते. गल्लीतल्या लोकांनी अडथळे बाजूला सारून गाडी काढली तरी तेच होतं. अडथळा लावलेला दिसला की आपण चिडतो. त्या अडथळ्याआड सिमेंटच्या कणांना पाणी मिळून त्यांची गुंफण होत असते, आणि तिला वेळ द्यावाच लागतो.

आता झाकणाकडे वळू. जुनी झाकणं बिडाची. बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात सुमारे तीन-साडेतीन टक्के कार्बन असतो आणि लोखंड थिजताना तो ग्रॅफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपात वेगळा होतो. सूक्ष्मदर्शकाखाली हे पापुद्रे लोखंडात पसरलेल्या केसांएवढ्या भेगांसारखे दिसतात, आणि वागतातही तसेच. बिडाला दाब कितीही द्या, ते सोसतं. ताण किंवा धक्का बसला की पापुद्र्याच्या टोकापासून तडा सुरू होतो आणि झाकण कसलीही पूर्वसूचना न देता दुभंगतं.

१९४३ मध्ये अमेरिकेत कीथ मिलिस या धातुशास्त्रज्ञाने वितळलेल्या बिडात थोडं मॅग्नेशियम घातलं, आणि पापुद्र्यांच्या जागी ग्रॅफाइटच्या गोल गोळ्या तयार झाल्या. गोळीला टोक नसतं, त्यामुळे तडा सुरू व्हायला जागा मिळत नाही. कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमध्ये या लोखंडाला 'एसजी' म्हणतात. लोखंडाचा रस चौदाशे अंशांच्या वर तापलेला असतो, आणि मॅग्नेशियम सुमारे अकराशे अंशांलाच उकळतं. त्यामुळे दोघांची गाठ पडली की पांढराशुभ्र लखलखाट उठतो. तिथून घड्याळ सुरू होतं. मॅग्नेशियमचा परिणाम मिनिटागणिक ओसरत जातो आणि दहा-पंधरा मिनिटांच्या आत रस साच्यात पडला नाही, तर गोळ्यांऐवजी पुन्हा पापुद्रे येऊ लागतात. ओतकाम करणाऱ्याच्या हाताचा वेग असा थेट रस्त्यावरच्या माणसाच्या जिवाशी जोडलेला आहे. थंड झालेल्या नगावर हातोडी मारून जाणकार कानाने परीक्षा करतात. चांगलं एसजी घंटेसारखं घुमतं, साधं बीड बद्द वाजतं. '५००/७' या प्रतीतला सात हा आकडा सांगतो, की तुटण्याआधी हे लोखंड सात टक्के ताणलं जातं. साधं बीड एक टक्कासुद्धा ताणलं जात नाही. तुटण्याआधी वाकणारं झाकण पाहणीत दिसतं आणि बदलता येतं.

लोखंडी झाकणाचा एक शत्रू मात्र धातुशास्त्राबाहेरचा आहे. भंगारात त्याला भाव मिळतो, म्हणून ते चोरीला जातं. त्यावर उपाय म्हणून पोलादी तंतू मिसळलेल्या काँक्रीटची आणि फायबरची झाकणं आली. फायबरचं झाकण चोराला नको असतं, पण ते हलकं असतं, आणि हलकेपणाची किंमत पावसाळ्यात मोजावी लागते. काँक्रीटच्या झाकणाला वेगळाच रोग जडतो. मलवाहिनीत सडण्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. वरच्या ओलसर काँक्रीटवर राहणारे जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात आणि ते आम्ल काँक्रीट खालून खात जातं. वरून धडधाकट दिसणारं झाकण खालून पोखरलेलं असू शकतं. ते उलटून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि उलटून पाहायला माणूस लागतो.

मग पाऊस येतो. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. शहराच्या पर्जन्य जलवाहिन्यांची बहुतेक तोंडं भरतीच्या पातळीच्या खाली आहेत, त्यामुळे जोराचा पाऊस आणि मोठी भरती एका वेळी आली की पाण्याला समुद्रात जायला वाट उरत नाही. वाहिनी तुडुंब भरते आणि पाणी झाकणाला खालून रेटतं. साठ सेंटीमीटर व्यासाचं, शंभर किलोचं झाकण उचलायला किती पाणी लागेल? मी कागदावर मांडून पाहिलं. झाकणाच्या तळापेक्षा फक्त पस्तीस सेंटीमीटर उंच पाण्याचा दाब पुरतो, म्हणजे सव्वा फुटाहूनही कमी. दोन माणसं पहारीने उचलतात ते वजन सव्वा फूट पाणी अलगद उचलतं. फायबरच्या झाकणाला तर त्याहून कितीतरी कमी पुरतं. म्हणून कुलूपबंद आणि बिजागरीची झाकणं लागतात, आणि म्हणूनच बैठक इतकी महत्त्वाची.

यापेक्षा भयंकर गोष्ट उलट्या दिशेने घडते. वर पाणी साचलेलं आहे, खालच्या वाहिनीत जागा आहे आणि झाकण नाही. गुडघ्याच्या थोडं वर, साठ सेंटीमीटर पाणी धरा. त्या भोकातून पाणी सेकंदाला साडेतीन मीटरच्या आसपास वेगाने खाली जातं, सेकंदाला साडेपाचशे लिटरांहून अधिक. गच्चीवरची हजार लिटरांची टाकी दोन सेकंदांत रिकामी व्हावी, तसं. पण भोकाच्या मध्यापासून दोन फुटांवर पाण्याचा सरासरी वेग ताशी एक किलोमीटरही नसतो. पायाला ओढ जाणवतच नाही. गढूळ पाण्यावर पावसाचे थेंब पडत असतात, त्यात भोवरा दिसत नाही. धोका कळतो तो शेवटच्या पावलाला, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

२९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात बॉम्बे हॉस्पिटलचे पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर गाडीतून उतरून प्रभादेवीच्या घराकडे चालत निघाले आणि एल्फिन्स्टन रोड परिसरात उघड्या मॅनहोलमध्ये पडले. दोन दिवसांनी त्यांचा मृतदेह वरळीच्या किनाऱ्याजवळ सापडला. हजारो रुग्णांना बरं करणारा माणूस शहराने एका भोकात गमावला. आजही तो परिसर ओलांडताना पाऊल जड होतं.

साचलेलं पाणी ओसरावं म्हणून झाकण उघडण्याची सवय मुंबईत जुनी आहे. हेतू वाईट नसतो. घरात पाणी शिरत असताना कोण काय करणार? ऑगस्ट २०२० मध्ये माटुंग्याच्या तुळशी पाइप मार्गावर फुलं विकणाऱ्या एका बाईने असंच झाकण उघडलं. पण उघडल्यावर ती तिथून हलली नाही. भर पावसात, पोटऱ्यांपर्यंतच्या पाण्यात ती कित्येक तास त्या भोकाशेजारी उभी राहिली आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करून वळवत राहिली. त्या पावसात तिचं स्वतःचं झोपडं वाहून गेलं. तिचा व्हिडिओ देशभर फिरला, कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. भोक उघडं ठेवायचं तर तिथे माणूस उभा पाहिजे, हा नियम तिला कोणी शिकवलेला नव्हता. चेंबरवर काम करणाऱ्या प्रत्येक कामगाराचा पहिला नियमही नेमका हाच असतो.

२०१७ नंतर मुंबईत झाकणांच्या खाली लोखंडी जाळ्या बसवायला सुरुवात झाली. कल्पना साधी आहे. झाकण गेलं तरी पाणी खाली जाईल, माणूस जाणार नाही. वर हिशेब केलेल्या पाण्यात जाळीवर पूर्ण भोक झाकून अडकलेल्या माणसावर १७० किलोंच्या घरात दाब येतो, त्यामुळे जाळी नावापुरती असून चालत नाही. तिच्या गजांमधलं अंतर मोठं ठेवलं तर लहान मूल निसटेल, कमी ठेवलं तर प्लास्टिकच्या पिशव्या अडकून पाणी तुंबेल. म्हणून जाळी बसवली की काम संपत नाही, दर पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यातही ती साफ करावी लागते. मुंबईत मॅनहोल एक लाखाच्या आसपास आहेत. मुंबई उच्च न्यायालयाला पुढे उघड्या मॅनहोलवरून वारंवार जाब विचारावा लागला, कारण एवढ्या सगळ्यांपर्यंत जाळी पोहोचायला वर्षं लागली. काही ठिकाणी झाकण हललं की नियंत्रण कक्षाला इशारा देणारी उपकरणंही लावून पाहिली गेली. ती असावीत. तरी इशारा मिळाल्यावर भर पावसात तिथवर पोहोचणारी टोळी नसेल तर त्या इशाऱ्याचा उपयोग काय, हा प्रश्न मी विचारत राहणार.

ही टोळी जिथे हात घालते तिथली हवा घातक असते. हायड्रोजन सल्फाइड अगदी थोडा असताना सडक्या अंड्यांसारखा वास येतो. दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास तो पोहोचला की नाकाची संवेदना बधिर होते आणि वास नाहीसा होतो. वास गेला म्हणजे वायू गेला, असं समजून आत उतरलेली माणसं आणि त्यांना वाचवायला मागोमाग उतरलेली माणसं आपण दरवर्षी बातम्यांमध्ये वाचतो. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं हा गुन्हा ठरवला. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई तीस लाख रुपये केली. जेटिंग आणि सक्शनच्या गाड्या आल्या, केरळात बनलेला 'बँडिकूट' यंत्रमानव आला. माणूस आत उतरवण्याचं एकही कारण आता उरलेलं नाही. तरी माणसं उतरवली जातात, आणि याची मला मनापासून चीड आहे.

आमच्या कोपऱ्यावरच्या टोळीतही कोणी आत उतरलं नाही. झाकण काढल्यावर मुकादमाने सगळ्यांना चार पावलं मागे घेतलं आणि वाऱ्याच्या दिशेला पाठ करून उभं केलं. थोड्या वेळाने वायुमापक दोरीने खाली सोडला, त्याचे आकडे पाहिले आणि मगच गवंड्याला कडेशी बसू दिलं. आतली जाळी वर ओढून पिशव्या काढल्या, एक नारळाची करवंटी आणि एक चप्पल निघाली. जाळी परत अडकवून त्याने ती हाताने दोनदा हिसडली. पहाटे चारच्या सुमारास झाकण बसलं. तो पुन्हा दोन्ही कडांवर पाय ठेवून उभा राहिला, डावीकडे झुकला, उजवीकडे झुकला. झाकण हललं नाही. मग चौकटीभोवती पांढऱ्या रंगाने वर्तुळ काढून त्याने तारीख लिहिली आणि अडथळे संध्याकाळपर्यंत हलवू नका, असं बजावून सांगितलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला मोठा पाऊस झाला. रात्री दोनला जाग आली तेव्हा कोपऱ्यावरून एक ट्रक वळत होता. पाण्याचा फवारा उडाल्याचा आवाज आला, बाकी काही नाही.