नॉटपेड टपाल

ज्या काळी टपालाने येणारे प्रत्येक पाकीट ही घरातील एक घटना असे, त्या काळी एखादे पत्र तिकिटाविनाच दारी येई आणि अशा पत्राला लोक इंग्रजी शब्दालाच मराठी वळण देऊन ‘नॉटपेड’ म्हणत. पोस्टमन उंबरठ्याशी उभा राहून दुप्पट हशील मागे; घरातील कर्ता पुरुष पाकीट उलटसुलट करून अक्षराचे वळण न्याहाळी, शिक्क्यावरील गाव वाचण्याचा यत्न करी, आणि मग एक तर कनवटीचे पैसे काढून देई, नाही तर ‘आमचे नव्हे’ म्हणून ते न उघडताच परत करी; आणि परत गेलेल्या पत्राचे हशील ज्याने ते धाडले त्याच्याच गळ्यात पडावे अशी कायद्याचीही तजवीज होती. गेली काही वर्षे एका लहानशा सार्वजनिक वाचनालयाच्या संकेतस्थळाची देखभाल माझ्याकडे आहे, आणि रोज सकाळी तेथील आवक टपाल उघडताना मला त्या उंबरठ्याची आठवण होते. कारण तेथे येणारे बहुतेक सारे टपाल नॉटपेडच असते, आणि ते नाकारण्याचा विचार मनात येण्यापूर्वीच त्याचे हशील माझ्या वेळेतून वसूल झालेले असते.

संकेतस्थळ म्हणजे काही मोठा कारभार नव्हे. वाचनालयाच्या वेळा, वर्गणीचे दर, नव्या पुस्तकांची यादी, आणि नाव, पत्ता व मजकूर अशा तीन चौकटींचा एक संपर्क-अर्ज, एवढाच त्याचा पसारा. त्या अर्जातून एखादा सभासद सोमवारी वाचनालय उघडे असते काय, एवढेच विचारतो. पण त्याच्या त्या एका ओळीच्या मागेपुढे बिनतारण कर्ज देऊ करणारे, शोधयंत्रात आम्हाला पहिल्या क्रमांकावर बसवू म्हणणारे आणि रशियन लिपीत न जाणो काय सांगू पाहणारे असे दहावीस अर्जदार ताटकळत उभे असतात. प्रारंभी मला वाटे, आमच्यासारख्या कफल्लक संस्थेवर यांची दृष्टी पडली तरी कशी? उत्तर असे, की कोणाची दृष्टी पडलेलीच नसते. असे अर्ज शोधत फिरणारे आणि सापडेल त्या चौकटीत मजकूर ओतून पुढे जाणारे कार्यक्रम अहोरात्र चालू असतात. त्यांना वाचनालय आणि वखार यांतील भेद ठाऊक नाही, आणि तो जाणून घेण्याचे प्रयोजनही नाही.

या उपद्रवाची वंशावळ संगणकांच्या मानाने बरीच जुनी आहे. 3 मे 1978 रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीचे विक्री-अधिकारी गॅरी थ्युअर्क यांनी, आपल्या नव्या संगणकांचे प्रात्यक्षिक पाहण्यास यावे असे निमंत्रण, त्या वेळच्या अर्पानेट या सरकारी जाळ्यावरील सुमारे 400 पत्त्यांवर एकदम धाडले आणि त्याबद्दल त्यांना कडक समजही मिळाली. पुढे एप्रिल 1994 मध्ये ॲरिझोनातील कँटर आणि सिगेल या वकील दांपत्याने ग्रीन कार्डाच्या सोडतीची जाहिरात यूजनेटवरील हजारो चर्चागटांत एकाच झपाट्यात लावली, आणि या उद्योगाला धंद्याचे रूप आले. त्याला ‘स्पॅम’ हे नाव मिळाले ते मात्र एका विनोदामुळे: 1937 पासून अमेरिकेत डबाबंद विकल्या जाणाऱ्या डुकराच्या मांसाचे हे नाव, आणि माँटी पायथन या ब्रिटिश नटमंडळीच्या 1970 मधील एका प्रहसनात, खाणावळीतील जवळजवळ प्रत्येक पदार्थात तेच ते घातलेले असून गिऱ्हाइकाला नको असतानाही त्यातून सुटका नाही, असा प्रसंग आहे.

परंतु नावापेक्षा कारण अधिक बोधक आहे. ई-मेलच्या वाहतुकीचे नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट 1982 मध्ये लिहिले, आणि त्यांत पाठविणारा स्वतःचे जे नाव सांगेल ते प्रमाण मानण्यात आले. कारण तेव्हाचे जाळे म्हणजे विद्यापीठे आणि संशोधनशाळा यांचा एक छोटा गाव होता, आणि गावात कोणी कोणाकडे ओळखपत्र मागत नाही. नवलाची गोष्ट अशी, की याच पोस्टेल यांनी नोव्हेंबर 1975 मध्ये, म्हणजे सात वर्षे आधी, नकोशा टपालासंबंधी एक त्रोटक टिपण लिहून ठेवले होते, आणि त्यातील मुद्दा हाच होता की येणाऱ्या संदेशांतून निवडक संदेश नाकारण्याची सोयच जाळ्यावरील संगणकाला नाही. त्यामुळे ज्याला त्यांतील काही हवे असतील त्याला सगळेच वाचावे लागतात. आमच्या वाडवडिलांना उंबरठ्यावर जो अधिकार होता, तो या नव्या टपालात पहिल्यापासूनच लिहायचा राहून गेला होता.

त्यात हशिलाचा प्रश्न मिसळला म्हणजे सारे गणित उलगडते. हिंदुस्थानात 1854 साली, अंतर कितीही असो, हलक्या पत्राला अर्धा आणा असा एकच दर ठरला, आणि बिनतिकिटी पत्रावर दुप्पट आकार बसला; म्हणजे बोलणाऱ्याने आपल्या बोलण्याची किंमत आधी मोजावी, हे तत्त्व रूढ झाले. ई-मेलने ते तिकीटच काढून टाकले. 2008 साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी, हजारो लोकांच्या संगणकांत चोरपावलांनी शिरून त्यांच्याकडून टपाल धाडणाऱ्या ‘स्टॉर्म’ नावाच्या एका जाळ्याच्या आत प्रवेश मिळवून हिशेब मांडला, तेव्हा 26 दिवसांत गेलेल्या सुमारे 35 कोटी पत्रांमागे औषधांची खरेदी करू पाहणारी गिऱ्हाइके निघाली अवघी 28. सव्वा कोटी दारे ठोठवावीत तेव्हा एक दार उघडते! पायी फिरणारा विक्रेता अशा धंद्यात पहिल्याच आठवड्यात बुडाला असता. पण ठोठावण्याला काहीच पडत नसेल, तर सव्वा कोटीतले ते एक दारही नफाच होय, आणि बाकीच्या दारांआड ज्यांची झोपमोड झाली त्यांची नोंद कोणाच्याच खतावणीत होत नाही.

यावर जे इलाज निघाले ते पाहिले, तर प्रत्येक इलाज त्या जुन्या उंबरठ्यावरील एखाद्या कृतीचेच अनुकरण करतो असे दिसते. पहिला इलाज तिकिटाचा. सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर यांनी 1992 मध्ये सुचविले, की पत्र धाडणाऱ्या संगणकाला आधी एक लहानसे गणित सोडवायला लावावे. एका पत्रापुरते ते क्षुल्लक, पण कोटी पत्रांना भारी. ॲडम बॅक यांच्या 1997 मधील ‘हॅशकॅश’मध्ये हीच कल्पना होती, पण ती टपालात रुजली नाही, कारण दुसऱ्याच्या चोरलेल्या संगणकावर गणिते करणाऱ्याला ती महाग कशी पडावी? दैवगती अशी, की तीच युक्ती पुढे बिटकॉइनच्या पायाचा दगड झाली.

दुसरा इलाज अक्षर ओळखण्याचा. पॉल ग्रॅहॅम यांनी ऑगस्ट 2002 मध्ये मांडलेल्या पद्धतीत, अठराव्या शतकातील थॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाच्या संभाव्यतेच्या सिद्धांताचा आधार घेऊन, चांगल्या आणि वाईट टपालातील प्रत्येक शब्दाची तुलनात्मक वारंवारता मोजली जाते, आणि नव्या पत्रातील शब्दांच्या एकत्रित साक्षीवरून त्याचा निवाडा होतो. आमच्या टपालात ‘विश्वकोश’ हा शब्द सज्जनाच्या बाजूने साक्ष देतो, ‘बिनतारण’ हा दुर्जनाच्या.

तिसरा इलाज शिक्कामोर्तबाचा: संकेतस्थळाच्या मालकाने आपल्या नावाच्या सार्वजनिक नोंदीत आपले टपाल कोणत्या यंत्रांतून निघेल हे जाहीर करावे, प्रत्येक पत्रावर सांकेतिक सही करावी, आणि रुजुवात न पटल्यास त्या पत्राचे काय करावे हेही लिहून ठेवावे. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क ही त्या तीन नोंदींची नावे. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर (गूगलच्या बाबतीत दिवसाला 5000 हून अधिक) पत्रे धाडणाऱ्यांना या तिन्ही सक्तीच्या केल्या. आम्ही इतके मोठे नव्हे म्हणून मी स्वस्थ बसलो, आणि आमच्या वार्षिक सभेची सूचना निम्म्या सभासदांच्या केराच्या टोपलीत गेली. कसूर माझीच होती, आणि सभेत ती मला ऐकवण्यातही आली.

अर्जातील उपद्रवासाठी जी तोड निघाली तिला ‘कॅपचा’ हे नाव दिले ते कार्नेगी मेलन विद्यापीठातील लुई फॉन आन, मॅन्युएल ब्लम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी: वेडीवाकडी अक्षरे वाचून दाखवा किंवा सांगितलेली चित्रे वेचा आणि मनुष्य असल्याचे सिद्ध करा. आमच्या पंचाहत्तरीच्या सभासदांना, पुस्तकाची मुदत वाढवून मागण्यासाठी, रस्त्यावरील दिव्यांची चित्रे वेचत बसण्याची ही परीक्षा देणे मला प्रशस्त वाटेना. म्हणून आम्ही अर्जात माणसाच्या डोळ्यांना न दिसणारी एक चौथी चौकट ठेवली आहे. दिसेल ती चौकट भरणारे यंत्र ती भरते आणि आपोआप पकडले जाते. सर्वच यंत्रे इतकी भोळी नसतात. पण या फुकटच्या सापळ्याने आमच्या दाराशी होणारी गर्दी पुष्कळच ओसरली.

राहता राहिला कायदा. माहिती तंत्रज्ञान कायद्यात 2009 पासून अमलात आलेल्या कलम 66अ मध्ये, त्रास देण्यासाठी किंवा पाठविणाऱ्याविषयी दिशाभूल करण्यासाठी धाडलेल्या ई-मेलचा स्पष्ट उल्लेख होता. पण ‘त्रास’ हा शब्द किती मोघम असतो, याचा प्रत्यय नोव्हेंबर 2012 मध्ये पालघर येथे आला, जेव्हा फेसबुकवरील एका साध्या मजकुरासाठी दोन तरुणींना अटक झाली आणि त्यांच्यावर याच कलमाचा बडगा उगारण्यात आला. 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम समूळ रद्द केले. उपद्रवी टपालवाल्यांना त्याचा काही धाक बसल्याचे मला तरी कधी जाणवले नाही; धाक बसला तो आपल्या नावानिशी बोलणाऱ्यांना.

हीच गोष्ट यंत्राच्या गाळणीलाही लागू आहे. गाळणीकडून दोन प्रकारच्या चुका होतात: दुर्जनाला आत घेणे आणि सज्जनाला बाहेर ठेवणे. पहिलीची किंमत एक क्षण असते, दुसरीची किंमत पुष्कळदा कळतच नाही, कारण जे पत्र आलेच नाही त्याची वाट कोण पाहणार? म्हणून दर शनिवारी मी केराची टोपली उपसतो. गेल्या पावसाळ्यात तेथे, 19 दिवसांपासून पडून असलेले, एका अनोळखी पत्त्यावरून आलेले दोन ओळींचे पत्र मिळाले. सोबत एका पुस्तकाचे छायाचित्र होते, त्यावर आमच्या वाचनालयाचा जुना गोल शिक्का. वडिलांनी नेलेले हे पुस्तक त्यांच्या कपाटात सापडले, ते कोठे पाठवू आणि दंड किती भरू, अशी विचारणा होती. परका पत्ता, सोबत चित्र आणि पैशांची भाषा: यंत्राला संशय यावा याची सगळी लक्षणे त्या पत्रात होती. शिक्का ओळखण्याला मात्र माणूसच लागला.

कार्यकारी मंडळाने दंड माफ केला. पुस्तक महिन्याभराने आले. टपालाने, पुरेपूर तिकिटे लावून.