चालू सलाईनमधून रक्त घ्यावे का?
परिचर्या आणि पुरावा : लेखांक ६

गेल्या लेखांकात आपण नमुन्यावर लेबल कधी आणि कुठे लावावे हे पाहिले. आज त्याआधीचा प्रश्न : नमुना घ्यायचा कुठून? हातात इंट्राकॅथ असताना रुग्ण विचारतो, ‘‘सिस्टर, पुन्हा कशाला टोचता? यातूनच घ्या ना.’’ त्याचे म्हणणे रास्त वाटते, पण पुरावा दुसरीकडे बोट दाखवतो. अमेरिकेतील एका आपत्कालीन विभागात ८५३ नमुने तपासले गेले आणि २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शिरेत थेट सुई घालून घेतलेल्यांपैकी ०.३ टक्के नमुने हिमोलाइज झाले होते, तर इंट्राकॅथमधून घेतलेल्यांपैकी ५.६ टक्के. लवचिक, अरुंद नळीतून रक्त जोराने ओढले की तांबड्या पेशी फुटतात. त्यांच्या आत पोटॅशियम प्लाझ्माच्या वीसपटीहून अधिक असते. ते बाहेर सांडले की रिपोर्टमध्ये पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसते आणि खरोखर कमी असलेले पोटॅशियम ‘नॉर्मल’ म्हणून निसटते.

दुसरा धोका भेसळीचा. ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये दर डेसिलिटरला ५००० मिलिग्रॅम साखर असते. नऊ भाग रक्तात त्याचा एक भाग मिसळला, तरी रिपोर्टमधली साखर सुमारे पाचशेने चढते. त्यावर विसंबून इन्सुलिन दिले, तर रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. नॉर्मल सलाईन मिसळले तर हिमोग्लोबिन पातळ होऊन कमी दिसते.

यावर आक्षेप असा की लहान मुले, भाजलेले किंवा केमोथेरपी घेणारे रुग्ण यांच्या शिरा सापडतच नाहीत. त्यांना वारंवार टोचणे क्रूरपणाचे आहे. हा आक्षेप खरा आहे, म्हणून सरसकट बंदी योग्य नाही. अशा वेळी सलाईन किमान दोन मिनिटे बंद ठेवावे, नळीत मावते त्याच्या निदान दुप्पट रक्त टाकून द्यावे, लहान सिरिंजने सावकाश ओढावे, नंतर नळी सलाईनने फ्लश करावी आणि नमुना कुठून घेतला हे मागणीपत्रावर लिहावे. रक्त गोठण्याच्या तपासणीसाठी आणखी जास्त रक्त टाकावे लागते, आणि ब्लड कल्चर आधीच लावलेल्या इंट्राकॅथमधून घेऊच नये. काहींना वाटते, नवे इंट्राकॅथ लावतानाच रक्त घेतले की प्रश्न मिटला. त्याने भेसळ टळते; पेशी फुटण्याचा धोका मात्र उरतो. वेळ वाचतो हा युक्तिवादही तपासून पाहावा : नमुना बाद झाला की रुग्णाला पुन्हा टोचावे लागतेच, शिवाय उपचार लांबतात.

म्हणून नियम थेट सुईचा असावा आणि इंट्राकॅथ हा विचारपूर्वक केलेला अपवाद. हिमोलाइज नमुन्यांचे प्रमाण २ टक्क्यांच्या आत असावे, असा मापदंड प्रयोगशाळा मानतात. इन्चार्ज सिस्टरांनी आपल्या वॉर्डचा आकडा दरमहा लॅबकडून मागवावा आणि ड्युटीवरच्या सर्वांसमोर ठेवावा.