अकोल्याच्या पाड्यावर राबवणारा हात कोणाचा?

लडाखचे लोक ‘सहावी अनुसूची द्या’ म्हणून रस्त्यावर उतरले, त्याचे रील तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिले असतील. ही अनुसूची म्हणजे नेमकं काय, आणि आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोल्यातल्या आदिवासी गावांना ती का नाही, ते आज बघू. (अकोले तालुका हं, विदर्भातला अकोला नाही. हा घोळ कायमचाच.)

राज्यघटनेची सहावी अनुसूची आहे आसाम, मेघालय, त्रिपुरा आणि मिझोराम या चारच राज्यांतल्या आदिवासी भागांसाठी. तिथे स्वायत्त परिषदा असतात. आसामातलं बोडोलँड घ्या. 2003 मध्ये तिथे परिषद आली. सदस्य 46, त्यातले 40 निवडून आलेले आणि 6 राज्यपालांनी नेमलेले. या परिषदेची एक कार्यकारी समिती असते आणि तिचा प्रमुख म्हणजे ‘मुख्य कार्यकारी सदस्य’. सोप्या भाषेत सांगायचं तर छोटा मुख्यमंत्री आणि त्याचं छोटं मंत्रिमंडळ. म्हणजे ठरवणारे आणि राबवून घेणारे, दोघंही लोकांनी निवडलेल्या परिषदेतलेच.

आता आपल्याकडे या. राजूर, भंडारदरा, रतनवाडी, घाटघर हा महादेव कोळी आणि ठाकर समाजाचा पट्टा. अकोले तालुक्याचा हा भाग पाचव्या अनुसूचीत येतो. महाराष्ट्रातल्या 13 जिल्ह्यांत असे भाग आहेत, कुठे अख्खा तालुका, कुठे थोडी गावं. पाचव्या अनुसूचीत परिषद नसते. राज्यपालांना खास अधिकार असतात, पण रोजचा कारभार राज्य सरकारचाच.

मग 1996 मध्ये पेसा कायदा आला आणि त्याने ताकद दिली ग्रामसभेला. महाराष्ट्राचे नियम यायला मात्र 2014 उजाडलं, तब्बल अठरा वर्षं! कागदावर हे अधिकार भारीच आहेत. पाड्याची वेगळी ग्रामसभा मागता येते. दारूविक्री, सावकारी, गौण वनोपज (आपल्याकडे हिरडा), आदिवासींची जमीन दुसऱ्याच्या हाती जाणं, या सगळ्यात ग्रामसभेला आणि पंचायतीला अधिकार आहे. शाळा-दवाखान्यासारख्या संस्था आणि तिथले कर्मचारी यांच्यावर नियंत्रणही कायद्यात लिहिलंय.

पण राबवणार कोण? समजा, ग्रामसभेने दारूचं दुकान नको म्हणून ठराव केला. तो लिहिणार ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक), म्हणजे पंचायत समितीच्या हाताखालचा माणूस. दुकानाला टाळं लागणार ते उत्पादन शुल्क खात्याकडून. शाळेतले गुरुजी येतच नाहीत असा ठराव झाला, तर त्यांचा पगार आणि बदली जिल्हा परिषदेच्या हातात. ग्रामसभेला तोंड आहे, हात दुसऱ्याचे आहेत.

यावर उपाय कायद्यानेच सुचवलाय, आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं. पेसाच्या कलम 4 मध्ये म्हटलंय की अनुसूचित क्षेत्रात जिल्हा पातळीवरच्या पंचायतीची प्रशासकीय रचना करताना राज्याने सहाव्या अनुसूचीचा नमुना गिरवायचा प्रयत्न करावा. म्हणजे बोडोलँडसारखं काहीतरी! आता आपला जिल्हा बघा. 14 तालुके, त्यातल्या एका तालुक्याचा एक भाग अनुसूचित. त्या कोपऱ्यासाठी अख्ख्या जिल्हा परिषदेचा साचा बदलणार कोण? गडचिरोली किंवा नंदुरबारमध्ये निदान तो प्रश्न विचारता तरी येतो. आपल्याकडे घाटघरच्या माणसाचा प्रतिनिधी त्या सभागृहात कायम अल्पमतातच असणार.

त्यात गंमत म्हणजे जिल्हा परिषदेतही एक ‘मुख्य कार्यकारी’ असतो, पण तो सदस्य नाही, अधिकारी. सीईओ. मार्च 2022 मध्ये सदस्यांची मुदत संपली आणि निवडणुका लांबल्या, तेव्हा हेच सीईओ प्रशासक झाले. तीन वर्षांहून जास्त काळ ठरवणारा आणि राबवणारा एकच होता, फक्त तो कोणी निवडलेला नव्हता. मला हे फार खटकतं.

एक गोष्ट मात्र खरोखर हातात आलीय, ती म्हणजे पैसा. 2015 पासून आदिवासी विकासाच्या राज्य योजनेतला 5 टक्के निधी पेसा ग्रामपंचायतींना थेट मिळतो. तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभेने ठरवायचं असतं. तुमचं गाव या पट्ट्यात असेल तर पुढच्या ग्रामसभेला जा, या निधीचा हिशेब मागा आणि ठरावाची नक्कल घ्या. काय उत्तर मिळतं ते मला कळवा, त्यावर एक वेगळा भाग करू.