तरंगणारा थेंब आणि परसातले लिंबू

वाचकहो, 'दिव्याखाली अंधार' ही म्हण मी पेशंटच्या नातेवाइकांना अनेकदा ऐकवली आहे. २०२३ च्या ऑगस्ट महिन्यात ती मलाच ऐकून घ्यावी लागली, आणि तीही भर मांडवात.

आमच्या गावच्या कॉलेजात रक्तदान शिबिर होते. नारळ फोडायला मला बोलावले होते. मी रक्तदानाचे महत्त्व सांगितले, टाळ्या झाल्या आणि पहिल्या नावांत आमच्या सौ.नी आपले नाव दिले. रक्त घेण्याआधी अशा शिबिरात एक साधी चाचणी करतात. बोटाला टोचून रक्ताचा एक थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडतात. ते पाणी ठरावीक घनतेचे केलेले असते. हिमोग्लोबिन साडेबारा ग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल तर थेंब तळाशी जातो, कमी असेल तर तरंगतो. सौ.चा थेंब तरंगला. तपासणी करणारा मुलगा माझ्याकडे न बघता हळूच म्हणाला, "काकू, या वेळी राहू द्या."

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये तपासणी केली. हिमोग्लोबिन ८.६ ग्रॅम! स्त्रियांमध्ये ते १२ ग्रॅमच्या खाली गेले की आम्ही रक्तक्षय म्हणतो. जिना चढताना तिला दम लागायचा, दुपारी डोळ्यांपुढे अंधारी यायची. तांदूळ निवडताना कच्चे दाणे तोंडात टाकायची सवय तिला लागली होती, त्यावरून मी तिची थट्टाही केली होती. कच्चे तांदूळ, माती, पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटणे हे रक्तातील लोह कमी झाल्याचे लक्षण असू शकते, हे मी इतरांना सांगत होतो. घरात मात्र "वयाप्रमाणे होतं असं" म्हणून मोकळा झालो होतो.

हे एकट्या माझ्या घरचे नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे हळदीकुंकवाला दहा जणी जमल्या तर त्यांतल्या पाच जणी तरी अशा. आपण सारे त्यांना "दमलीस का गं?" एवढेच विचारतो.

स्वयंपाकघरात बसून पाहिले

प्रथम कारण शोधले. पाळीच्या वेळी जास्त रक्त जात होते, त्याची सोनोग्राफी करून उपचार सुरू झाले. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. पण दीड महिन्याने पाहतो तो हिमोग्लोबिन जेमतेम ९.१. गोळी रोज घेते का, असे विचारले तर म्हणाली, "घेते की! संध्याकाळच्या चहाबरोबर, न चुकता." मी कपाळावर हात मारला.

मग एका रविवारी मी स्वयंपाकघरात पाट मांडून बसलो आणि नुसते पाहत राहिलो. आमच्या परसात मोरीच्या पाण्यावर वाढलेले लिंबाचे झाड आहे, पेरू आहे, कढीपत्ता आहे, कुंपणाला शेवगा आहे. लिंबे शेजारी वाटली जात होती, नाहीतर लोणच्यात जात होती. पेरू पोपट खात होते. शेवग्याच्या शेंगा आमच्या आमटीत पडत होत्या, पाला मात्र शेजारच्यांची शेळी खात होती. कोथिंबीर फोडणीबरोबरच कढईत पडे आणि भाजी शिजेपर्यंत काळी होई. लिंबू आमटीला उकळी येतानाच पिळले जाई.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मी दीड वाजता जेवत होतो, आई माझ्याबरोबर आणि सौ. अडीच वाजता. तोवर कोशिंबिरीचे भांडे पुसलेले असे. तिच्या ताटात भाकरी आणि उरलेली भाजी. तीन वाजता माझा चहा होई, त्यातला अर्धा कप ती घेई. म्हणजे तिच्या जेवणातले लोह पोटात पोचते न पोचते तोच वरून चहा!

लोह असूनही का मिळत नाही?

बाजरी, मटकी, हरभरा, पालेभाज्या यांत लोह असते. पण वनस्पतींतले लोह आतड्याला सहजी शोषता येत नाही. त्याच घासाबरोबर 'क' जीवनसत्त्व पोटात गेले, तर ते या लोहाचे रूप बदलते, ते विरघळलेले ठेवते आणि शोषण दुपटीपेक्षाही वाढू शकते. चहातील टॅनिन उलटे काम करते. ते लोहाला धरून ठेवते आणि जेवणाबरोबर घेतलेला चहा लोहाचे शोषण निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली आणू शकतो.

'क' जीवनसत्त्व शोधायला दूर जायला नको. शंभर ग्रॅम पेरूत ते दोनशे मिलिग्रॅमहून अधिक असते. संत्र्यात चाळीसच्या आसपास. म्हणजे बाजारातल्या महाग संत्र्यापेक्षा परसातला पेरू कितीतरी पुढे. आवळा तर पेरूच्याही वर. कोथिंबीर, शेवग्याचा पाला, कैरी, हिरवी मिरची यांतही ते आहे. पण त्याचा स्वभाव नाजूक. पाण्यात विरघळते, उष्णतेने नासते, चिरून उघडे ठेवले की हवेने कमी होते. लोणच्यात लिंबाची चव वर्षभर टिकते, 'क' जीवनसत्त्व मात्र दिवसेंदिवस घटते. म्हणून लिंबू हवे ताजे, आणि ते पिळायचे ताटात.

आईला हे काही पटले नाही. त्या म्हणाल्या, "आंबट खाऊन रक्ताचं पाणी होतं रे. आमच्या वेळी बाळंतिणीला लिंबाची फोड दाखवत नसत." मी म्हणालो, "आई, तुम्ही पोह्यावर लिंबू पिळूनच मला वाढवलंत ना?" त्यावर त्या गप्प बसल्या. वाचकहो, आंबटाने रक्ताचे पाणी होत नाही. उलट पोह्यावरचे लिंबू, मटकीच्या उसळीवरचे लिंबू ही आपल्या जुन्या बायकांची शहाणी रीत आहे. ती रीत जेवणाच्या ताटातही आणायची आणि शेजारचा चहाचा कप तेवढा उशिरा घ्यायचा.

पानांची मुंबईतील गोष्ट

रक्तासाठी लोहाबरोबर आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे फॉलिक ॲसिड. त्याची गोष्ट आपल्या मुंबईशी जोडलेली आहे. १९२८ मध्ये डॉ. ल्यूसी विल्स या इंग्रज संशोधक गरोदर स्त्रियांतील रक्तक्षयाचा अभ्यास करण्यासाठी मुंबईला आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गरोदर स्त्रियांच्या आहाराचा त्यांनी अभ्यास केला. यीस्टचा अर्क दिल्यावर या स्त्रियांचा विशिष्ट प्रकारचा रक्तक्षय बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. अर्कातला गुणकारी पदार्थ कोणता हे तेव्हा कळले नव्हते. १९४१ मध्ये शास्त्रज्ञांनी तो पालकाच्या पानांतून वेगळा काढला. पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याचे नाव पडले फॉलिक ॲसिड.

हा पदार्थही उष्णतेने आणि पाण्यात उकळण्याने कमी होतो. पालेभाजी उकडून तिचे पाणी मोरीत ओतणाऱ्या घरात अर्धे औषध मोरीलाच मिळते. पालेभाजी आधी धुवावी, मग चिरावी, थोड्या पाण्यात झाकण ठेवून शिजवावी आणि उरलेले पाणी आमटीत घालावे.

आमच्या घरी सुरू झालेले पदार्थ

शेवग्याच्या पाल्याची भाजी : कोवळा पाला डहाळ्यांवरून ओरबाडून स्वच्छ धुवावा. लोखंडी कढईत तेल, लसूण आणि मिरचीची फोडणी करून भिजवलेली मूगडाळ परतावी. डाळ अर्धी शिजली की पाला घालून झाकण ठेवावे. पाच-सात मिनिटांत भाजी होते. वरून ओले खोबरे. लिंबाची फोड ताटात. लोखंडी कढईतून थोडे लोह अन्नात उतरते, पण शिजलेली भाजी, विशेषतः आंबट, कढईत ठेवू नये. लगेच काढून घ्यावी, नाहीतर ती काळी पडते आणि चव बिघडते.

पेरूची कोशिंबीर : पिकलेला पण घट्ट पेरू बारीक चिरावा. मीठ, चिमूटभर साखर, जिरेपूड, बारीक मिरची आणि भरपूर कोथिंबीर घालून वर लिंबू पिळावे. वाढायच्या वेळीच करावी. सकाळी करून दुपारी खाल्ली तर पोट भरते, पण गुण कमी होतो.

कैरी-पुदिन्याची चटणी : एक वाटी कोथिंबीर, अर्धी वाटी पुदिना, कैरीच्या दोन-तीन फोडी, मिरची, मीठ आणि गुळाचा खडा. पाट्यावर वाटा, नाहीतर मिक्सरमध्ये. कैरीचा हंगाम नसेल तर आवळा घालावा. बाजरीच्या भाकरीबरोबर ही चटणी झकास लागते.

मोड आलेली मटकी : मोड आल्याने कडधान्यातील लोह अडवणारे घटक कमी होतात आणि थोडे 'क' जीवनसत्त्वही तयार होते. नुसती वाफवून घ्यावी. कच्चा कांदा, कोथिंबीर आणि लिंबू वरून घालावे, कढईत नव्हे.

या सर्व पदार्थांत कोथिंबीर-पुदिना कच्चा जातो, म्हणून बाजारची जुडी निवडून वाहत्या पाण्याखाली तीन-चार वेळा धुवावी. पावसाळ्यात तर अधिकच जपावे.

पुढे काय झाले?

गोळी आता सकाळी नऊ वाजता, लिंबाच्या पाण्याबरोबर. नाश्त्याआधी चहा होऊन गेलेला असतो. माझा तीनचा चहा साडेचारवर गेला. पहिले आठ दिवस माझे डोके दुखले, मग सवय झाली. आणि मुख्य म्हणजे ताटे एकदम मांडली जाऊ लागली. आई, मी आणि सौ. तिघेही दीड वाजता बसतो. भाकऱ्या आधी करून दुरडीत झाकून ठेवतो. गरम भाकरीचा हट्ट सोडणे मला चहापेक्षाही जड गेले, हे प्रामाणिकपणे सांगतो.

जानेवारी २०२४ मध्ये हिमोग्लोबिन ११.८ झाले. पुढे ते बारावर गेल्यावरही तीन महिने गोळ्या चालू ठेवल्या, कारण शरीरातला साठा भरायला वेळ लागतो. हे श्रेय गोळ्यांचे आणि पाळीच्या उपचाराचे, एकट्या लिंबाचे नव्हे. आठ-नऊ ग्रॅमवर आलेले रक्त नुसत्या कोशिंबिरीने भरून निघत नाही, हे कृपया लक्षात ठेवावे. पण गोळ्या बंद झाल्यानंतर वर्षभराने पुन्हा तपासले तेव्हा १२.६ होते. टिकवण्याचे हे काम स्वयंपाकघराने केले, असे मी मानतो.

लक्षात ठेवण्याजोगे

जेवणाआधी आणि नंतर एक तास चहा-कॉफी टाळावी. लोहाची गोळी चहा किंवा दुधाबरोबर घेऊ नये. गोळीने शौचाला काळी होते, त्याला घाबरू नये. या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात.

तपासणी न करता मात्र गोळ्या सुरू करू नयेत. थॅलेसेमियासारख्या आजारातही हिमोग्लोबिन कमी असते, पण तिथे जादा लोह अपाय करू शकते. पुरुषांत किंवा पाळी गेलेल्या स्त्रियांत रक्त कमी आढळले, तर पोटात कुठे रक्तस्राव होत नाही ना, हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी फळे आणि पालेभाज्या किती खायच्या हे डॉक्टरांना विचारावे, आणि करमळ म्हणजे चांदणीसारख्या फोडी होणारे आंबट फळ तर त्यांनी अजिबात खाऊ नये. त्यांना ते विषासमान ठरते.

गेल्या पावसाळ्यात कॉलेजात पुन्हा शिबिर झाले. सौ. माझ्या आधीच जाऊन रांगेत उभ्या होत्या. या वेळी थेंब तरंगला नाही. निळ्या पाण्यात सरळ तळाशी गेला. घरी आल्यावर आईंनी स्वतः उठून लिंबाचे सरबत केले आणि पहिला पेला सुनेच्या हातात दिला.

आज जेवायला बसाल तेव्हा एवढेच पाहा : घरात सर्वांत शेवटी कोण जेवते, आणि तिच्या ताटात लिंबाची फोड उरली आहे का?